ऑपरेशनच्या तारखेआधीचे दिवस

कॅन्सरचं ऑपरेशन ठरलेल्या माणसाला त्याआधी व्यायाम करायला लावणं मला कित्येक वर्षं निर्दयपणाचं वाटत आलं. मी फिजिओथेरपिस्ट आहे, आणि माझं काम ऑपरेशननंतर सुरू होतं अशी माझी धारणा होती. दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात जायचं, रुग्णाला पलंगाच्या कडेला बसवायचं, ड्रेनची पिशवी आणि सलाइनचा स्टँड सांभाळत चार पावलं चालवायचं, दीर्घ श्वास घ्यायला लावायचा. त्याआधीचे दिवस रुग्णाचे आणि त्याच्या माणसांचे. बायॉप्सीचा रिपोर्ट नुकता हातात पडलेला असतो, घरात कुणाच्या घशाखाली घास उतरत नसतो, पैशांची जुळवाजुळव चालू असते, गावाकडून फोनवर फोन येत असतात. अशा वेळी त्या माणसाला ‘खुर्चीवरून दहा वेळा उठा-बसा’ असं कोणत्या तोंडाने सांगायचं?

आज मी ते सांगते आणि आग्रहाने सांगते. मत एकदम पालटलं नाही. ते कसं पालटत गेलं हे लिहावंसं वाटतं, कारण माझं जुनं मत मला आजही जवळजवळ प्रत्येक घरात भेटतं.

मी मूळची मिरजेची, लग्नानंतर जयपूरला आले. या शहरात पुनर्वसनाचं काम करणाऱ्या प्रत्येकाच्या मनावर जयपूर फूटचा ठसा असतो. सवाई मानसिंग हॉस्पिटलात साठच्या दशकाच्या अखेरीस कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांनी तो कृत्रिम पाय घडवला. तो लावून मांडी घालता येते, उकिडवं बसता येतं, अनवाणी शेतात जाता येतं. 1975 मध्ये डी. आर. मेहता यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती सुरू केली आणि तो पाय गरिबांना मोफत मिळू लागला. 1981 मध्ये डॉ. सेठींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हे काम पाहत पाहत माझी एक समजूत पक्की झाली, की आमच्या पेशाची जागा नुकसान झाल्यानंतरची. काहीतरी गेलं, आता उरलेल्या शरीरावर माणसाला उभं करायचं. या कामात मोठेपण आहे आणि त्याबद्दलचा माझा आदर तिळभरही कमी झालेला नाही. पण नुकसान होण्याच्या आधीच कामाला लागता येतं, हा विचार त्यामुळे माझ्या मनात शिरायलाच तयार नव्हता.

मनात शंकाही होत्या, आणि त्या उगाच नव्हत्या. ऑपरेशनपूर्व व्यायामाबद्दल जे काही छापून यायचं ते माँट्रियलचं, बार्सिलोनाचं, नेदरलँड्सचं. तिथे व्यायामाच्या सायकली, आहारतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ, आठवड्याला तीनदा घ्यायला येणारी गाडी. आमच्याकडे करौली, दौसा, टोंक, झुंझुनूहून आलेला माणूस धर्मशाळेच्या ओट्यावर अंथरूण टाकून तारखेची वाट बघत असतो. रक्तात हिमोग्लोबिन नाही, सोबत आलेल्या मुलाची रोजची मजुरी बुडतेय. त्याला कुठली सायकल द्यायची? आणि सर्वांत मोठी भीती वेगळीच होती. ‘आधी फिटनेस, मग ऑपरेशन’ असं एकदा कागदावर आलं की तारखा पुढे ढकलायला आयतं कारण मिळेल, असं मला वाटायचं. आपल्याकडे माणूस मुळातच उशिरा येतो. गाठ थांबत नाही.

ही शेवटची भीती मी आजही सोडलेली नाही. बाकीच्या मात्र एकेक करून सुटत गेल्या.

पहिला धक्का दिला तो डॅलसच्या एका जुन्या प्रयोगाने. त्याचा कॅन्सरशी काही संबंध नाही. 1966 मध्ये तिथल्या संशोधकांनी विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं आणि त्यांच्या हृदयाची, दमाची मोजमापं घेतली. तीस वर्षांनी, पन्नाशीला आलेल्या त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. शरीराची काम करण्याची ताकद तीस वर्षांच्या वयाने जेवढी घटवली होती, त्याहून जास्त ती त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने घटवली होती. पाचच माणसं, पण निष्कर्ष डोळ्यांआड करण्यासारखा नाही. बायॉप्सी ते ऑपरेशन या काळात आपल्या घरांत रुग्णाला साधारण तेवढेच दिवस पलंगावर ठेवतात, आणि तो विशीतला नसतो.

मग माँट्रियलच्या मॅक्‌गिल विद्यापीठाचा 2014 चा अभ्यास नीट वाचला. आधी तो मी नुसता चाळून बाजूला ठेवला होता. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे 77 रुग्ण. कार्यक्रम दोन्ही गटांना एकच: चालणं, स्नायूंचे व्यायाम, प्रथिनं, मन शांत ठेवण्याची तंत्रं. फरक एवढाच की एका गटाने तो ऑपरेशनच्या सुमारे चार आठवडे आधी सुरू केला आणि दुसऱ्याने ऑपरेशननंतर. ऑपरेशनला दोन महिने झाले तेव्हा पहिल्या गटातले 84 टक्के लोक पूर्वीइतके चालू लागले होते, दुसऱ्यातले 62 टक्के. पण मला खरं थांबवलं ते त्यातल्या दुसऱ्याच आकड्याने. सहा मिनिटांत माणूस किती अंतर चालतो हे ते मोजत होते. ज्यांनी आधी काही केलं नाही, त्यांचं अंतर ऑपरेशनच्या दिवसापर्यंत सरासरी 16 मीटरने कमी झालं होतं. सुरी लागायच्या आधीच. ज्यांनी व्यायाम केला त्यांचं 25 मीटरने वाढलं होतं. वाट पाहण्याचे दिवस रिकामे असतात असं मी धरून चालले होते. ते रिकामे नसतात, त्या दिवसांत माणूस खाली तरी जातो किंवा वर तरी येतो.

तरीही प्रश्न उरतच होता. हे सगळं धर्मशाळेच्या ओट्यावरच्या माणसाला कसं जमणार? त्याचं उत्तर ऑस्ट्रेलियातून आलं. इयांथ बोडेन या फिजिओथेरपिस्टने आणि तिच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये पोटाच्या वरच्या भागाची मोठी ऑपरेशनं होणार असलेले 441 रुग्ण घेतले. निम्म्यांना एक माहितीपत्रक दिलं. निम्म्यांना पत्रकाबरोबर ऑपरेशनआधी अर्ध्या तासाची एकच भेट. त्या भेटीत न्यूमोनिया का होतो हे समजावलं आणि शुद्धीवर आल्यापासून दर तासाला करायचे श्वासाचे व्यायाम शिकवले. ऑपरेशननंतर फुप्फुसाची गुंतागुंत पहिल्या गटात 27 टक्के लोकांना झाली, दुसऱ्यात 12 टक्के. 2018 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हे प्रसिद्ध झालं. सायकल नाही, गाडी नाही. एक फिजिओ, एक खुर्ची, अर्धा तास. हे जयपूरला जमत नाही असं म्हणायला माझ्याकडे तोंड नव्हतं.

वाचून पटणं आणि हाताने करणं यांत मात्र अंतर असतं. ते मिटवलं एका काकांनी.

काका सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याचे. त्या भागातली माणसं सोन्या-चांदीच्या गलाईसाठी देशभर पसरली आहेत. जवाहिऱ्यांचं शहर म्हटल्यावर जयपूरला ती असणारच. काकांचं दुकान जोहरी बाजारच्या मागच्या एका गल्लीत. सोनारांच्या पेढ्यांतला केर, कानस मारून पडलेला चुरा, जुने तुकडे हे सगळं मुशीत वितळवायचं, ॲसिडने साफ करायचं आणि शुद्ध सोनं वेगळं काढायचं. आयुष्य त्या धुरात गेलेलं, त्यामुळे छाती आधीच हलकी. जठराचा कॅन्सर निघाला, केमो झाली, आता अंगात जरा ताकद येऊ द्यायची आणि मग ऑपरेशन, असं ठरलेलं. मी सांगली-मिरजेकडची म्हणून कुणीतरी माझं नाव सांगितलं. ‘ऑपरेशननंतर घरी येऊन व्यायाम घ्याल का’, एवढंच विचारायला त्यांच्या पुतण्याने फोन केला होता.

मी ऑपरेशनच्या आधीच गेले. काका आतल्या खोलीत खाटेवर, उशाशी पाण्याचा तांब्या, पायथ्याशी टीव्ही. काकी त्यांना काहीही करू देत नव्हत्या. अंघोळीचं पाणी पुतण्या आणायचा, जेवण खाटेवर, दाढीसाठी न्हावी घरी. जेवण म्हणजे शिरा, मऊ भात, रव्याची खीर. सगळं मायेनं केलेलं. मी काकांना हात छातीशी बांधून खुर्चीवरून उठायला सांगितलं. हाताचा आधार घेतल्याशिवाय त्यांना उठता येईना. केमो सुरू होईपर्यंत हा माणूस तापलेली मूस चिमट्याने उचलून ओतत होता.

काकी माझ्यावर रागावल्या. “ताई, अंगात एवढं तेवढं रगत राहिलंय, तेवढं तरी राहू द्या की. घाम गाळून ते पण घालवायचं का?” काका स्वतः म्हणाले, “ऑपरेशन होऊ दे, मग तुम्ही म्हणाल ते करतो.” दोघांचं बोलणं ऐकताना ते माझंच जुनं मत बोलत आहेत असं मला जाणवत होतं, म्हणून त्यांच्याशी वाद घालायला मला जड गेलं. मी एवढंच सांगितलं, की मोठ्या ऑपरेशननंतर शरीराला प्राणवायू जास्त लागतो आणि जखम भरायला प्रथिनं लागतात. ती ताटातून मिळाली नाहीत तर शरीर स्वतःच्या मांड्यांचं मांस तोडून वापरतं. मांड्या आत्ताच अशा झाल्या आहेत, तर तेव्हा कुठून आणायचं? काकी गप्प झाल्या आणि मग म्हणाल्या, “म्हणजे मी देतेय ते खाणं चुकीचं हाय का?” ते खाणं चुकीचं नव्हतं, अपुरं होतं. वजनाच्या दर किलोला दिवसाला सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं, हा अशा रुग्णांसाठीचा हिशेब. काकांच्या वजनाला ती सत्तर-ऐंशी ग्रॅम होत होती, आणि शिऱ्यातून ती येणार नव्हती. त्या संध्याकाळपासून घट्ट डाळ, दही, अंडी, मटकीची उसळ सुरू झाली, थोडं थोडं, पाच-सहा वेळा, कारण जठर एका वेळी जास्त घेत नव्हतं.

चालायला जागा शोधली ती जोहरी बाजारचीच. बडी चौपड ते सांगानेरी गेट या रस्त्यावर दुकानांपुढे सलग बरामदे आहेत. दिवसा तिथे पाय ठेवायला जागा नसते. सकाळी शटर उघडायच्या आधी मात्र ती सपाट, सावलीची, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेली वाट असते. पुतण्याला बरोबर घेऊन काका तिथे चालू लागले. वेगाचा नियम एकच: बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. दमले की दुकानाच्या पायरीवर बसायचं. भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी विचारलं होतं, त्यांचं म्हणणं सोबत लिहून दिलं होतं, आणि छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर तिथेच थांबायचं हे पुतण्याला पढवून ठेवलं होतं.

स्पायरोमीटर सर्वांना माहीत असतो, तीन गोळ्यांचं ते प्लॅस्टिकचं यंत्र. काकांनी हातात घेतलं आणि जोरात फुंकर मारली. जवळजवळ सगळे रुग्ण हेच करतात. त्यात फुंकायचं नसतं, श्वास आत ओढायचा असतो, सावकाश आणि खोल, आणि गोळी वर धरून ठेवायची असते. सेकंदाला 600 मिलिलीटरच्या वेगाने हवा ओढली की पहिली गोळी उठते, 900 ला दुसरी, 1200 ला तिसरी. काकांची पहिली उठली, दुसरी थरथरून खाली बसली. ऑपरेशनआधी दुसरी स्थिर राहू लागली होती, तिसरी काही उठली नाही. त्यापेक्षा महत्त्वाचं शिकवणं दुसरं होतं. उशी पोटाशी दोन्ही हातांनी घट्ट धरायची, दहा खोल श्वास घ्यायचे आणि मग खोकायचं. पोट उघडल्यावर श्वासपटल मंदावतं, दुखतं म्हणून माणूस वरवर श्वास घेतो, फुप्फुसांचा तळ मिटून जातो, कफ साठतो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप येतो. खोकायला भिणं हेच त्या तापाचं मूळ.

ऑपरेशननंतर मी त्यांना वॉर्डात पाहिलं तेव्हा नाकात नळी होती, डोळे औषधाने जड झाले होते. मला पाहून त्यांनी काही विचारलं नाही. उजव्या हाताने चाचपून उशी ओढली, पोटाशी धरली, श्वास घेतला आणि खोकले. मी अजून तोंड उघडलं नव्हतं. इतकी वर्षं मी हीच गोष्ट ऑपरेशननंतर, वेदनेत बुडालेल्या, पेंगुळलेल्या माणसांना ओरडून ओरडून शिकवत आले होते, आणि त्यांतल्या निम्म्यांना माझे शब्द पोचतही नव्हते. शिकण्याची वेळ आधीची असते, हे मला त्या पलंगाशी उभं राहून पटलं. काकांना न्यूमोनिया झाला नाही. तो व्यायामामुळेच टळला असं मी म्हणणार नाही, एका माणसावरून तसं म्हणता येत नाही.

आणि उलट उदाहरणही माझ्याकडे आहे. टोंक जिल्ह्यातल्या एक आजी, फार थकलेल्या. त्यांनी सांगितलेलं सगळं मनापासून केलं. सुनेचा हात धरून अंगणात फेऱ्या, ताक, डाळ, श्वास. तरीही ऑपरेशननंतर आतड्याचा जोड गळला, पुन्हा पोट उघडावं लागलं, अतिदक्षता विभागात दिवस काढावे लागले. त्यांच्या मुलाने मला बाजूला घेऊन विचारलं, “आमच्याकडून व्यायाम कमी पडला का?” हा प्रश्न मी विसरू शकत नाही. 2020 मध्ये माँट्रियलच्याच मंडळींनी अतिशय अशक्त झालेल्या 110 रुग्णांवर केलेला अभ्यास आला, त्यात आधीच्या व्यायामाने गुंतागुंत कमी झालेली दिसली नाही. मुख्यतः नेदरलँड्सच्या पुढाकाराने झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 251 रुग्णांच्या अभ्यासात मात्र गंभीर गुंतागुंत 29.7 टक्क्यांवरून 17.1 टक्क्यांवर आली. म्हणजे फायदा आहे, पण सर्वांना सारखा नाही. तेव्हापासून मी पहिल्याच भेटीत घरच्यांना स्पष्ट सांगते, की यानंतरही काही बिघडलं तर तो तुमचा दोष नसेल आणि रुग्णाचाही नसेल. आजारी माणसाच्या डोक्यावर आजाराबरोबर अपराधही ठेवणारा व्यायाम मला नको आहे.

माझ्या मतातला सर्वांत मोठा बदल खरं तर रुग्णांबद्दल नाही, घरांबद्दल आहे. आपल्याकडे सेवा म्हणजे माणसाला हलू न देणं. तांब्या हातात देणं, जिना चढू न देणं, ‘तुम्ही पडून राहा, आम्ही आहोत ना.’ या मायेची किंमत मी जाणते. परक्या मुलखात, आपली भाषा बोलणारी चार घरं असलेल्या गल्लीत ती माया म्हणजेच बळ असतं. पण त्याच मायेला दुसरं काम देता येतं. काकींना एकदा डाळ-दह्याचा हिशेब कळल्यावर त्या काकांपेक्षा जास्त शिस्तीने वागल्या. ऑपरेशनच्या वाटेकडे डोळे लावून रडत बसण्यापेक्षा त्यांना रोज करायला काहीतरी मिळालं होतं. त्यांचा राग गेला तो माझ्या समजावण्याने नव्हे, या कामाने.

सरसकट सगळ्यांना हे लागू नाही, हेही सांगायला हवं. आतड्यात अडथळा असेल, रक्तस्राव चालू असेल, हाडांत आजार उतरला असेल, हृदयाचं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही करायचं नाही. तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन असेल तर चालण्याइतकाच जबडा उघडण्याचा आणि मान-खांद्याचा व्यायाम महत्त्वाचा, कारण तंबाखू-गुटख्याने तोंड आधीच आखडलेलं असतं. स्तनाच्या ऑपरेशनआधी खांदा मोकळा करून घ्यायचा. तंबाखू, बिडी त्याच दिवशी बंद.

तारीख पुढे ढकलायची नाही, यावर मी ठाम आहे. मिळालेल्या दिवसांत जेवढं बसेल तेवढंच करायचं, मग ते चार आठवडे असोत की पाच दिवस. पाच दिवसांत मांड्या भरत नाहीत, पण श्वास आणि खोकणं शिकून होतं.

म्हणून सध्या मी भेटेल त्या सर्जनकडे आणि भूलतज्ज्ञाकडे एकच मागणी करते. शहरातल्या बऱ्याच ठिकाणी स्पायरोमीटर ऑपरेशनच्या दिवशी औषधांच्या यादीत लिहून दिला जातो आणि नातेवाईक तो खालच्या मेडिकलमधून धावत जाऊन आणतात. काहीशे रुपयांची वस्तू. ती भूलपूर्व तपासणीच्या दिवशीच लिहून द्या, आणि त्याच दिवशी रुग्णाला अर्धा तास आमच्याकडे पाठवा.